कातळावरचे शैवाल, खाडीतले गवत

समुद्रशैवाल आणि समुद्रगवत दोन्ही खाऱ्या पाण्यात वाढतात, म्हणून सर्रास एकाच माळेत ओवली जातात. नाते मात्र फार दूरचे. शैवालाला खरी मुळे नसतात, फूल नसते, बी नसते. बुडाशी असलेल्या पकडीने ते खडकाला चिकटते आणि अन्नद्रव्ये सगळ्या अंगाने पाण्यातूनच शोषते. समुद्रगवत ही सपुष्प वनस्पती. तिची मुळे वाळूत, चिखलात रुजतात.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कातळ भरपूर, त्यामुळे शैवालांची चंगळ. पण त्यांचे वर्ष पावसाने ठरते. जून ते सप्टेंबर लाटांचा मारा, नद्यांचा गाळ, घटलेला खारेपणा आणि ढगाळ उजेड यांत बहुतेक जाती टिकत नाहीत. काहींची नुसती पकड खडकावर उरते आणि पुढे तिलाच पालवी फुटते. ऑक्टोबरात पाणी निवळले की कातळ भरू लागतो: वरच्या अंगाला हिरवे उल्वा, मधल्या भागात पंख्याच्या आकाराचे तपकिरी पदिना, ओहोटीच्या खालच्या रेषेपाशी हवेच्या फुग्यांवर तरंगत उभे राहणारे सरगॅसम. हा बहर हिवाळ्यात सर्वाधिक. एप्रिल-मेमध्ये ओहोटीला उघडा पडणारा भाग उन्हाने करपतो.

पोर्फायरा या लाल शैवालाचे गणित उलटे आहे. त्याचे पातळ पापुद्रे भर पावसाळ्यात येतात, तेही सर्वांत वरच्या खडकांवर. एरवी तापणारे हे खडक तेव्हा तुषारांनी आणि पावसाने सतत ओले असतात. जपानी नोरी याच्याच भाऊबंदांपासून बनते. दुकानातले चायना ग्रास, म्हणजे अगर, हेही लाल शैवालांचेच.

समुद्रगवताला कोकणात एवढी मोकळीक नाही. त्याला उथळ, निवळ पाणी आणि न हलणारा तळ हवा. म्हणून देशातली त्याची मोठी कुरणे मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. यांतल्या काही कुरणांवर डुगाँग हा सागरी सस्तन प्राणी जगतो. त्याच्यासाठी तामिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले.

कोकण-गोव्यात आढळते ती मुख्यतः हॅलोफिला बेकारी, तीही खाड्यांच्या चिखलात, कांदळवनालगत. पाने जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणून ओहोटीला उघडी पडली तरी सहज नजरेत भरत नाहीत. खारेपणातले मोठे चढउतार ती सोसते, आणि तिचे ताटवे नाहीसे झाले तरी चिखलातल्या बियांतून पुन्हा उगवू शकतात. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ती 'असुरक्षित' गटात आहे. खाडीकाठी भराव पडला किंवा तळ उपसला गेला, तर बियांसकट तो चिखलच जातो.