क्रीडांगणाच्या हिरवळीसाठी कापणीयंत्राची निवड

क्रीडांगणावरील हिरवळ हेही एक पीकच होय. शेतातील हरळी आपण मुळासकट खणून काढतो. मैदानावर मात्र तिचीच दाट वीण राखावयाची असते. ती बव्हंशी कापणीवर अवलंबून असल्यामुळे यंत्राची निवड विचारपूर्वक करावी.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्यात रुळावर बसविलेली पाती खालच्या स्थिर पात्याशी भिडून कात्रीप्रमाणे गवत कापतात. इंग्लंडात एडविन बडिंग यांनी १८३० साली तयार केलेले यंत्र याच प्रकारचे होते. गोल्फच्या फेअरवेसारख्या सपाट जागी, जेथे हरळी १० ते २० मिलिमीटर ठेवावयाची, तेथे हेच योग्य. मात्र खड्यांनी त्याची पाती बिघडतात.

दुसऱ्यात आडवे पाते वेगाने फिरून गवत छाटते. शाळेच्या उंचसखल मैदानावर २५ मिलिमीटरहून उंच गवतास हे पुरेसे होते. त्याने खडे उडून इजा होऊ शकते. म्हणून आधी खडे वेचावेत व मुलांना दूर ठेवावे.

एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक उंची कापू नये. म्हणजेच १५ मिलिमीटर राखावयाचे असल्यास गवत २२ मिलिमीटरपलीकडे वाढू देता येत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनतीनदा कापणी करावी लागते. इतके मनुष्यबळ नसल्यास गवत उंच ठेवून दुसरे यंत्र घेणेच हिताचे.

खरेदीपूर्वी यंत्र आपल्याच मैदानावर चालवून पाहावे. दुसऱ्या दिवशी शेंडे फाटून तपकिरी दिसल्यास धार व जुळणी सदोष आहे असे समजावे.