सांभाळणाऱ्या माणसाचा त्रास कसा मोजायचा?

मागच्या व्याख्यानात आपण डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, मेंदूत काय बिघडतं ते पाहिलं. आज रुग्णाला जरा बाजूला ठेवू आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडे बघू. आपल्याकडे ती बहुधा बाईच असते. बायको, सून, नाहीतर लेक.

तिचा त्रास मोजायचा कसा? साखर मोजता येते, रक्तदाब मोजता येतो. इथे यंत्र नाही, विचारावंच लागतं. १९८० मध्ये अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी प्रश्नावली केली. आज तिची २२ प्रश्नांची आवृत्ती जास्त वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. स्वतःसाठी वेळ उरतो का, लाज वाटते का, राग येतो का, असे सरळ प्रश्न.

त्यांनी २९ रुग्णांना सांभाळणाऱ्या २९ जणांना विचारलं. आता सांगा, सगळ्यात जास्त भार कोणाला वाटला असेल? ज्यांचा रुग्ण जास्त भरकटतो, जास्त त्रास देतो, त्यांना? तसं निघालं नाही. रुग्णाच्या वागण्याशी भाराचा संबंधच दिसला नाही. संबंध दिसला तो घरी येणाऱ्या इतर नातेवाइकांशी. येणं-जाणं जास्त, तिथे भार कमी.

२९ घरं म्हणजे नमुना लहानच. आणि सगळ्या आजारांत असंच निघतं असंही नाही. ग्लासगोमध्ये डोक्याला जबर मार लागलेल्या ४२ रुग्णांच्या नातेवाइकांना संशोधक पाच वर्षांनी पुन्हा भेटले. त्यांचा ताण पहिल्या वर्षापेक्षा वाढलेला होता, आणि तो मुख्यतः रुग्णाच्या बदललेल्या स्वभावाशी जोडलेला होता. माणूस वाचला, चालायला लागला, म्हणून लोक अभिनंदन करून जातात. घरात वावरतो तो मात्र वेगळाच कुणीतरी.

आता आपल्या जवळ येऊ. गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल वगैरे मंडळींनी दोन तालुक्यांत एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाची ८१ कुटुंबं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. ४१ घरांत लगेच, बाकीच्यांकडे सहा महिन्यांनंतर, प्रशिक्षण दिलेली माणसं जाणार. ही माणसं डॉक्टर नव्हती. शिक्षण बारावीच्या आसपास, कोंकणी चांगली बोलता यायला हवी. पंधरा दिवसांतून निदान एकदा घरी जायचं, आजार समजावायचा, रुग्ण चिडला तर काय करायचं ते दाखवायचं, घरातल्या इतरांना कामात ओढायचं.

सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारलं. पण गंमत बघा, झॅरिट यांच्या मोजपट्टीवरची घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. का? नमुना लहान असेल. शिवाय मला स्वतःला भाषेचा संशय येतो. सासऱ्यांना ‘ओझं’ म्हणायला कोणती सून तयार होईल? त्यातून नवरा शेजारी बसलेला. ती म्हणणार, ‘छे हो, आपलंच माणूस आहे.’ झाला शून्य गुण! तेच तिला एकटीला विचारा, गेल्या आठवड्यात सलग किती तास झोपलात, माहेरी शेवटचं कधी गेलात. उत्तर वेगळं येईल.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मुलं परदेशात असतील तर? रोज फोन करतात.)

फोनचा उपयोग आहे, नाही कशाला म्हणू? पण झॅरिट यांनी मोजल्या त्या घरी येणाऱ्या माणसांच्या भेटी. बरेचदा हा फोन ‘बाबा कसे आहेत?’ एवढ्यावर संपतो. आई कशी आहे, हेही विचारा. आणि इथल्या एखाद्या चुलतभावाला, मावशीला सांगा, दर गुरुवारी चार ते सहा घरी जाऊन बस. वार आणि वेळ ठरवून. ‘कधीही हाक मारा’ म्हटलं की कोणी हाक मारत नाही.