बी आणि बेणं

थंडी पडू लागली की नगर-मनमाड रस्त्यानं राहुरी, बाभळेश्वर, राहाता असं जाताना दोन्ही अंगांना उसाचे पांढरे तुरे डोलताना दिसतात. एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्याला मोठं देखणं वाटतं. पुण्या-मुंबईची पाहुणे मंडळी तर गाडी उभी करून फोटो काढतात. ज्याचा ऊस आहे तो मात्र तुऱ्याकडे बघून चडफडतो. तुरा आला की उसाची वाढ खुंटते. तोड लांबली तर कांडं आतून पोकळ पडतं, वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो. कोणत्याही झाडाच्या आयुष्यात फुलोरा म्हणजे लग्नसराई. आपल्या पिकाच्या लग्नानं कपाळाला आठ्या पडणारा वधूपिता एक ऊसवालाच असावा.

त्याचं चुकत नाही. ऊस लावायला त्याला बी लागत नाही, बेणं लागतं. मराठी शेतकऱ्यानं या दोन शब्दांत अख्खं प्रजननशास्त्र विभागून ठेवलं आहे. कांद्याचं बी, बाजरीचं बी. पण उसाचं बेणं, आल्याचं बेणं, हळदीचं बेणं. बीला आई असते, बाप असतो. बेणं म्हणजे जुन्या झाडाचाच तुकडा, जो नवीन झाड होऊन उभा राहतो. शाळेच्या पुस्तकात यालाच लैंगिक आणि अलैंगिक प्रजनन म्हणतात आणि मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. आमच्याकडे एखाद्या वस्ताद पोराला ‘लई बेणं हाय’ म्हणतात. बापाचाच तुकडा, असा त्याचा अर्थ घ्यायला मला आवडतं. भाषापंडितांनी माफ करावं.

उसाच्या प्रत्येक कांड्याच्या पेऱ्यावर एक डोळा असतो. त्या डोळ्याभोवती, नीट पाहिलं तर, बारीक ठिपक्यांचं एक कडं दिसतं. ती मुळांची तयारी. दोन डोळ्यांचं टिपरं तोडून ओल्या सरीत दाबलं की ठिपक्यांतून मुळं सुटतात, डोळा फुटतो, आणि पुढं कोंबाची स्वतःची मुळं धरली की टिपऱ्याचं काम संपतं. इथं एका पेशीच्या दोन पेशी होताना ती आपल्या सगळ्या गुणसूत्रांची नक्कल करते आणि दोघींत सारखी वाटते. कुणाशी देवघेव नाही, सरमिसळ नाही. ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, त्याच्याही पुढचा निडवा, तेही तेच झाड. प्रवरेच्या पाटावर भिजणारा को ८६०३२ जातीचा ऊस आणि पंचगंगेकाठचा को ८६०३२ हे दिसायला दोन, पण वंशानं एकच. लाखो एकरांवर उभं असलेलं एकच झाड, असं म्हटलं तरी चालेल.

मग हे पहिलं झाड आलं कुठून? इथं तुऱ्याची आठवण काढावी लागते. आपल्याकडच्या तुऱ्यात रुजणारं बी क्वचितच धरतं. तमिळनाडूत कोइमतूरला मात्र हवा आणि दिवसाची लांबी अशी जुळते की ऊस भरभरून फुलतो आणि बीही धरतो. म्हणून १९१२ साली ऊस पैदास केंद्र तिथं निघालं. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तिथं एक धाडस केलं. जाड, गोड, पण नाजूक उसाचा त्यांनी नदीकाठी माजणाऱ्या रानटी काशाच्या गवताशी संकर केला. गवतात गोडी नावाला, पण काटकपणा भरपूर. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ साली शेतकऱ्यांपर्यंत गेला. ‘को’ म्हणजे कोइमतूर. पुढं आपल्याकडच्या जुन्या पुंड्या उसाला मागं सारणारा को ४१९ तिथलाच. को ८६०३२ हाही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातला. उसाच्या एकेका पेशीत शंभरावर गुणसूत्रं असतात, त्यामुळे दोन उसांच्या मीलनातून काय निघेल याचा ठोकताळा बांधता येत नाही. हजारो रोपं वाढवायची, बहुतेक सगळी टाकून द्यायची, एखादं ठेवायचं. आणि ते एकदा हाती लागलं की त्याचं लग्न कायमचं बंद. पुढं फक्त बेणं.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. सहकाराची ही कहाणी दिवाळी अंकांत अनेकदा आली आहे, ती पुन्हा सांगत नाही. एवढंच नोंदवतो की त्या सगळ्या वैभवाच्या मुळाशी दोन डोळ्यांचं, वीतभर लांबीचं टिपरं आहे.

बेण्याचा फायदा उघड आहे. पीक एकसारखं येतं, लवकर येतं आणि गुण बदलत नाहीत. तोटाही त्याच गुणात दडलेला आहे. आईला काणी असेल तर ती लेकराच्या अंगात जन्मतःच येते. गवताळ वाढीचा रोग तसाच. म्हणून जाणता शेतकरी बेणेमळा वेगळा राखतो आणि मूलभूत बेण्याला लावणीआधी उष्ण दमट हवेची प्रक्रिया देतात. शिवाय एका झाडाला जे लागू पडतं ते सगळ्यांनाच लागू पडतं. २००२ साली सांगलीकडून लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर, आपल्या नगर जिल्ह्यातही, पसरला. पानाखाली कापूस पिंजून चिकटवल्यासारखे थर, आणि त्यांच्या चिकट गोड स्रावावर वाढलेल्या बुरशीनं खालची पानं काळी. गंमत अशी की हा मावासुद्धा बेणंपंथीच. आपल्या शेतात दिसणाऱ्या त्याच्या सगळ्या माद्या, नराची गरज नाही, अंडी घालण्याची दगदग नाही. मादी थेट पिल्लं देते, तीही माद्याच, आणि काही आठवड्यांत त्यांचीही बाळंतपणं सुरू. एका छापाच्या उसावर एका छापाची कीड. तिला आवर घातला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या तिला खाणाऱ्या मित्रकिडींनी, आणि या दोघांत नर-मादी असतात.

लग्नाचा खटाटोप निसर्गानं का मांडला, याचं उत्तर इथं मिळतं. नर आणि मादी पेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, आणि निम्मी होण्याआधी आईकडचे आणि बापाकडचे तुकडे आपसांत अदलाबदल करून घेतात. पत्ते पिसून वाटल्यासारखं. दर खेपेला हात वेगळा. बरेच हात वाईट येतात, पण सगळे सारखे येत नाहीत, आणि रोगाची साथ किंवा दुष्काळ पडला की याच वेगळेपणावर वंश तरतो. नगरसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायला नको.

याचा प्रयोग बघायचा तर कांद्याचे डोंगळे बघावेत. घोडेगावच्या बाजारात जाणारा कांदा सगळ्यांना ठाऊक. तो कांदा बाजारात न नेता पुन्हा जमिनीत लावला, की थंडी अंगावर घेऊन त्यातून पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला शेकडो बारीक फुलांचा पांढरा चेंडू फुलतो. या फुलाची एक खोड आहे. त्याचे पुंकेसर आधी पराग सांडून मोकळे होतात, आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे फूल स्वतःशी लग्न लावू शकत नाही. पराग शेजारच्या फुलाकडून यावा लागतो. आणणारी मधमाशी. बियाण्याच्या प्लॉटवर ऐन फुलोऱ्यात जहाल औषध फवारणारे लोक मी पाहिले आहेत. नंतर तेच डोंगळे चोळून ‘बी पोचट निघालं’ म्हणून हवामानाला शिव्या देतात. जवळच दुसऱ्या जातीचे डोंगळे असतील तर मधमाशी तिकडचेही पराग आणते, आणि लाल कांद्याच्या बियात भलतेच रंग उगवतात. म्हणून दोन जातींत चांगलं अंतर ठेवावं लागतं. हे बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागतं, तेव्हा जुनी पुडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आता श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाकडे वळू, कारण तिथं वरची सगळी वाटणी कोलमडते. हे लिंबू बियांपासूनच लावतात, म्हणजे आई-बाप आलेच असं कुणालाही वाटेल. पण कागदी लिंबाची एक बी रुजवली तर तिच्यातून कित्येकदा दोन-तीन रोपं निघतात. त्यांतलं एखादं लग्नातून झालेलं असतं. बाकीची आईच्या बीजांडातल्या पेशींपासून परस्पर तयार झालेली, बापाचा अंशही नसलेली, हुबेहूब आईसारखी. बीच्या टरफलात बसलेलं बेणंच म्हणा ना. रोपवाटिकावाले कमजोर, वेगळी दिसणारी रोपं उपटून जोमदार, एकसारखी ठेवतात, तेव्हा बहुधा ते नकळत लग्नाची पोरं काढून आईच्या नकला राखत असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेल्या ‘साई शरबती’ या कागदी लिंबाचे गुण बियांतूनही पुष्कळसे टिकतात, ते या आडवाटेमुळे.

याच विद्यापीठानं डाळिंबात दोन्ही वाटा एकामागून एक चालून दाखवल्या. गणेश हा वाण पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली निवडला होता. दाणा मऊ, पण रंग फिकट. त्याचा संकर रशियाकडच्या गडद लाल गुल-ए-शाह रेडशी झाला. संकराच्या दुसऱ्या पिढीत, जिथं गुण सगळ्यात जास्त विखुरतात, तिथून निवडलेलं झाड म्हणजे भगवा. इथपर्यंत बी. त्यानंतर मात्र गुटी. फांदीची साल बोटभर रुंदीत गोल काढायची, ओलं शेवाळ बांधून प्लॅस्टिकनं आवळायचं, मुळं फुटली की कापून लावायची. भगव्याची बी लावून भगवा मिळत नाही. मात्र तेल्या रोगाच्या बागेतली गुटी घेतली तर तेल्या हमखास मिळतो.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बी जपलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२०च्या पद्मश्रीनं देश ‘बीजमाता’ म्हणून ओळखू लागला. त्यांच्या संग्रहातले वाल-घेवड्यांचे प्रकार आणि गावठी भात घरच्या घरी वर्षानुवर्षं टिकतात, त्याला वनस्पतीशास्त्राचाही आधार आहे. ही फुलं बहुतांशी उमलण्याआधी किंवा उमलता उमलता स्वतःच्याच परागांवर भागवतात, त्यामुळे पुढचं बी मागच्यासारखं निघतं. दुकानातल्या संकरित बियाण्याचं तसं नसतं. त्याची पहिली पिढी जोमदार, आणि तिचंच बी धरलं की दुसरीत उंच, बुटकं, लवकर, उशिरा असा सगळा बाजार. दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते ती यामुळे. अकोल्याच्याच डोंगरांतली कारवी तर सात-आठ वर्षं नुसती पानं मिरवते, मग एकदाच सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तिच्या काठ्यांचे कुड घालणाऱ्या घरांना हा हिशेब तोंडपाठ असतो.

दोन्ही वाटा एकाच झाडात बघायच्या असतील तर संगमनेर तालुक्यात पेमगिरीला जावं. निजामशाहीच्या शेवटच्या दिवसांत शहाजीराजांनी बाल मुर्तजाला गादीवर बसवून कारभार केला तो इथल्या गडावरून. पण माझ्यासारखे लोक जातात ते वडासाठी. पारंब्या जमिनीत उतरून खोडं झाली, खोडांवरून फांद्या पुढं सरकल्या, आणि काही एकरांवर एकच झाड पसरलं. आत उभं राहिलं की मूळ खोड कुठलं याचा पत्ता लागत नाही. हा झाला बेण्याचा मार्ग: आपणच पसरायचं, न मरता.

वडाचं लग्न मात्र कुणाला दिसत नाही. दुर्मीळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. उंबर, वड, पिंपळ यांना फुलं असतात, भरपूर असतात, पण ती फळाच्या आत. वडाचं लाल फळ म्हणजे आत वळवलेला फुलोरा, आणि त्यात शिरायला टोकाशी सुईच्या छिद्राएवढी फट. दोन मिलिमीटरसुद्धा नसलेली एक गांधीलमाशीची जात त्या फटीतून घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात, म्हणजे परतीचा रस्ता बंद. आत ती छातीवरच्या खिशांत भरून आणलेले पराग स्त्रीफुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या अंड्यांतून आधी नर निघतात, बिनपंखी. ते अजून गाठीत बंद असलेल्या माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि संपतात. त्यांनी बाहेरचं जग पाहिलेलंच नसतं. तोवर आतली नरफुलं पिकतात. माद्या खिसे भरून भोकातून बाहेर पडतात आणि वाऱ्यावर दुसऱ्या वडाच्या शोधात निघतात. त्यांचं पंखांचं आयुष्य एखाद-दोन दिवसांचं.

ज्या फुलांत अंडं पडलं नाही तिथं बी धरते. ती साळुंकी, बुलबुल, वटवाघूळ यांच्या पोटातून जाते आणि एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते. पेमगिरीच्या झाडाचाही आरंभ केव्हातरी असाच, एका पाखराच्या विष्ठेतल्या मोहरीहून बारीक दाण्यात झाला असणार.

वटपौर्णिमेला दोरा गुंडाळायला जाल तेव्हा फांदी तोडून आणू नका, झाडापाशीच जा. खाली पडलेलं एखादं फळ हाती लागलं तर उकलून बघा. आतून कणभर काळा किडा चालत निघाला, तर झटकू नका.