परसातली कोंबडी दिसेनाशी झाली तर

पुण्याच्या बुधवार पेठेत तुळशीबागेच्या आसपास आता परस उरलंय कुठे? तरी एखाद्या जुन्या वाड्याच्या मागल्या अंगणात हौसेची कोंबडी असते, आणि एका संध्याकाळी ती खुराड्याकडे फिरकत नाही. लगेच बोक्यावर आळ घेऊ नये. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. सांजावलं की ती जवळच उंच जागा धरून गप्प बसते. बॅटरी घेऊन जिन्याखाली, अडगळीत, पडक्या भिंतीवर पाहावं.

खुडूक असेल, तर आडोशाला घातलेल्या अंड्यांवर ती ठाण मांडते. दिवसातून एखाद्या वेळी दाणापाण्यापुरती उठते, तेव्हा लांबून पाठलाग करावा. अंडी फलित असतील तर साधारण 21 दिवसांनी पिलं निघतात. कोंबडाच नसेल तर बिचारी फुकट झिजते.

चार पिसं दिसली म्हणजे ती गेलीच असं नाही, झटापटीतून निसटून दडलेली असू शकते. पिसांचा ढीग आणि रक्त दिसलं, तर मात्र आशा सोडावी. अशा वेळी संशय उदमांजरांवरही घ्यावा; जुन्या पुण्याच्या माळ्यांवर ती राहतात आणि रात्रीच हिंडतात.

मागे एकटी कोंबडी उरली तर तिला लवकर सोबत आणावी. मुलांना ‘ती गावाला गेली’ असं सांगू नये. मुलं रोज विचारतात, कधी येणार?