मेसेज बरोबर नंबरवर गेला, तरी चुकला

दर वेळी मी एखाद्या ॲपबद्दल नाहीतर नव्या फोनबद्दल बोलतो. आज माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल बोलणार आहे. गंमत म्हणजे कोडमध्ये काहीच चूक नव्हती.

मी बदनापूरचा. बीटेक झालं, नोकरी लागली, सॉफ्टवेअर लिहितो. काही वर्षांपूर्वी एचआयव्हीसोबत जगणाऱ्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेतल्या ताईंनी विचारलं, "औषधाची तारीख लोक विसरतात रे, मोबाईलवर आठवण जाईल असं काही करता येईल का?" मी म्हटलं, एका रविवारचं काम आहे! एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, रोज घ्यावी लागतात, मध्ये खंड पडून चालत नाही. त्यामुळे काम चांगलंच होतं.

एक्सेलची यादी घेतली, कोड लिहिला. मेसेज असा होता: "आपली एआरटी औषधे घेण्याची तारीख उद्या आहे." चाचणी घ्यायची म्हणून यादीतल्या पहिल्या 5 नंबरांवर पाठवून बघितला. पाचही पोचले. मी खूश.

संध्याकाळी ताईंचा फोन. "अरे, त्यातला एक नंबर पेशंटचा नाहीये. घरातल्या दुसऱ्या माणसाचा आहे. घरात मोबाईल एकच."

"कोणाचा आहे, ताई?"

"ते तुला कशाला पाहिजे?"

तिथे मी गप्प झालो. मी 'मोबाईल नंबर म्हणजे माणूस' असं धरून चाललो होतो. आपल्याकडे कितीतरी घरांत फोन सासूकडे असतो, नवऱ्याकडे असतो, नाहीतर गेम खेळणाऱ्या पोराच्या हातात असतो. लॉक असलेल्या स्क्रीनवरही मेसेज वर दिसू शकतो. आणि 'एआरटी' हे तीन अक्षरी नाव गूगलवर टाकलं की सगळं कळतं. मी एचआयव्ही हा शब्द कुठेच लिहिला नव्हता, तरी माहिती बाहेर गेली.

आता जरा कायदा बघू. आपल्याकडे एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याचं कलम 8 सांगतं की विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्हीची स्थिती किंवा त्याची इतर खासगी माहिती त्याच्या संमतीशिवाय कोणी उघड करायची नाही. आणि संमती घेतली, तर तशी लेखी नोंद ठेवायची. 'इतर खासगी माहिती' हे शब्द नीट ऐका. औषधाची तारीख मला नुसती तारीख वाटली होती. ती खासगी माहिती होती.

याला अपवाद आहेत, पण मोजके. उपचार करणाऱ्याला उपचारापुरती माहिती लागते. कोर्टाचा आदेश असू शकतो. जोडीदाराला खरंच धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला सांगू शकतात, पण आधी त्या व्यक्तीशी बोलून, तिला कल्पना देऊनच. सांगितल्याने मारहाण होण्याची भीती असेल, विशेषतः बाईला, तर तोही विचार कायद्यात आहे. शेजारी, मालक, मामा, मित्र या यादीत नाहीत.

कलम 11 आमच्यासारख्यांसाठी आहे. जी संस्था अशा नोंदी ठेवते, तिने माहिती बाहेर जाणार नाही याची पद्धत ठरवायची, ती कोण बघू शकतं ते ठरवायचं, कागद असो की कॉम्प्युटर, सुरक्षा ठेवायची, आणि चूक झाली तर जबाबदार कोण हेही ठरवायचं. माझ्या रविवारच्या कामात यातलं एकही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आपण लहान माणसं. मोठ्यांचंही असंच होतं. लंडनमध्ये 2015 साली एका क्लिनिकने बातमीपत्र ईमेल केलं आणि 781 पत्ते 'बीसीसी'ऐवजी 'टू'च्या रकान्यात टाकले. प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसले, बहुतेकांत पूर्ण नावं होती. कोणी हॅकर नव्हता, चुकीचा रकाना होता. त्या ट्रस्टला 1 लाख 80 हजार पौंड दंड झाला.

याच्या उलट, आपल्याच राज्यातलं एक चांगलं उदाहरण. मुंबईत एका सरकारी कंपनीतल्या रोजंदारी कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारलं गेलं. तो उच्च न्यायालयात गेला. 1997 चा तो निकाल त्याच्या बाजूने लागला: काम करण्याइतकी तब्येत ठीक असेल, तर केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. पण त्या खटल्यात त्याचं नाव आहे 'एमएक्स' आणि कंपनीचं 'झेडवाय'. न्याय मागायला जाताना नाव उघड करावं लागलं असतं, तर तो गेला असता का?

नाव झाकलं की झालं, असंही नाही बरं का. समजा मी लिहिलं: "बदनापूर, वय 34, शिलाईकाम, 2 मुली." यात नाव कुठे आहे? पण स्टेशनवरच्या चहावाल्यालाही कळेल कोण ते. मोठ्या शहरात ही माहिती हजारोंत हरवते. आपल्या गावात ती थेट एका दारावर जाऊन उभी राहते.

मग आम्ही काय बदललं? नाव आणि नंबर वेगळ्या फाईलमध्ये, कुलूप लावून. बाकी यादीत फक्त कोड. कोणती नोंद कोणी उघडली ते लिहिलं जातं. चाचणीसाठी खोटी नावं, खोटे नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येकाला ताई आधी विचारतात. मेसेज चालेल का? कोणत्या नंबरवर? कोणत्या शब्दांत? कोणी म्हणतं, "उद्या या" एवढंच लिहा. कोणी म्हणतं, काहीच पाठवू नका, मी लक्षात ठेवीन. तेही बरोबर.

तुमच्यासाठी एवढंच. कोणाचा रिपोर्ट मदतीच्या हेतूनेही ग्रुपवर टाकू नका. तुमच्याकडे आला असेल तर पुढे पाठवू नका, गॅलरीतूनही काढा, कारण फोटो आपोआप क्लाऊडवर जाऊ शकतो. कोणी विश्वासाने सांगितलं, तर आईलाही सांगू नका. आणि स्वतःला प्रश्न असेल तर 1097 हा मोफत हेल्पलाईन नंबर आहे. फोन केल्यावर यादीतून तो कॉल डिलीट करायला हरकत नाही.

शेवटची गोष्ट. महिनाभराने मी ताईंना विचारलं, "त्या घरात पुढे काही झालं का? ती व्यक्ती औषधाला येते ना?" ताई म्हणाल्या, "तुझा जीव तुटतोय ते कळतं मला. पण हे मी तुला सांगणार नाही."

मला अजून माहीत नाही, आणि परत मी विचारलेलं नाही. भेटू पुढच्या भागात.