जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण ठरवतं? बॅलन डी'ओर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पॅरिसमधल्या एका सोहळ्यात जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं नाव जाहीर होतं. तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र झालेली असते, तरी अंबरनाथ-बदलापूरची फुटबॉलवेडी मुलं मोबाइलसमोर जागीच असतात. दुसऱ्या दिवशी कर्जत लोकलच्या डब्यात, संध्याकाळी टर्फवर, उल्हासनगरच्या बाजारात जर्सी घेताना तोच विषय निघतो. मेस्सीला उगाच दिला, रोनाल्डोवर अन्याय झाला, व्हिनिसियसचा हक्क डावलला.

असे वाद व्हायलाच हवेत, खेळावरच्या प्रेमातूनच ते होतात. पण त्यांत ठामपणे केली जाणारी बरीच विधानं वस्तुस्थितीला धरून नसतात. हा पुरस्कार म्हणजे काही ठरावीक माणसांनी, ठरावीक नियमांनुसार दिलेला कौल आहे. ती माणसं आणि ते नियम गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलले. ते माहीत नसतील, तर निकालाचा अर्थ लावताना हमखास चूक होते.

गैरसमज 1 : बॅलन डी'ओर फिफा देते.

वस्तुस्थिती : हा पुरस्कार 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच नियतकालिकाचा आहे. गाब्रिएल आनो या पत्रकाराच्या कल्पनेतून तो 1956 मध्ये सुरू झाला. पहिला मानकरी होता ब्लॅकपूल क्लबकडून खेळणारा इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज. त्या वेळी त्याचं वय होतं 41.

फिफाने स्वतःचा वार्षिक पुरस्कार 1991 मध्ये सुरू केला आणि तो प्रथम जर्मनीच्या लोथार मॅथ्यूसला मिळाला. 2010 ते 2015 या सहा वर्षांत दोन्ही पुरस्कार एकत्र करून 'फिफा बॅलन डी'ओर' दिला गेला. गोंधळाचं मूळ तिथेच आहे. 2016 मध्ये दोघे वेगळे झाले आणि फिफाने 'द बेस्ट' हा नवा पुरस्कार आणला. 2024 पासून बॅलन डी'ओरच्या आयोजनात युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना सहभागी आहे, फिफा नाही.

त्यामुळे एकाच वर्षी दोन वेगळे विजेते असू शकतात. 2021 मध्ये बॅलन डी'ओर मेस्सीला मिळाला, तर 'द बेस्ट' रॉबर्ट लेवांडोव्स्कीला. 2024 मध्ये बॅलन डी'ओर रॉड्रीला आणि 'द बेस्ट' व्हिनिसियस ज्युनियरला. व्हिनिसियसला काहीच मिळालं नाही, ही तक्रार म्हणूनच खरी नाही.

गैरसमज 2 : चाहत्यांच्या मतदानावर विजेता ठरतो.

वस्तुस्थिती : बॅलन डी'ओरसाठी चाहत्यांचं मतदान होत नाही. आधी 30 खेळाडूंची यादी जाहीर होते. मग प्रत्येक पात्र देशातला एक पत्रकार त्यातून दहा जण निवडतो आणि त्यांना क्रम देतो. पहिल्याला 15 गुण, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 10, पुढे 8, 7, 5, 4, 3, 2 आणि दहाव्याला 1. गुणांची बेरीज सर्वांत जास्त तो विजेता. 2024 मध्ये रॉड्रीला 1170 आणि व्हिनिसियसला 1129 गुण मिळाले. म्हणजे अंतर अवघं 41 गुणांचं. मूठभर पत्रकारांनी क्रम उलटा लावला असता, तरी निकाल फिरला असता.

फिफाच्या 'द बेस्ट'मध्ये मात्र चाहत्यांना वाटा आहे. राष्ट्रीय संघांचे कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते या चार गटांचं वजन प्रत्येकी 25 टक्के. मत देणारे बदलले की निकालही बदलतो, हे 2010 मध्ये स्पष्ट दिसलं. त्या वर्षी फक्त पत्रकारांची मतं धरली असती, तर हॉलंडचा वेस्ली स्नायडर जिंकला असता. कर्णधार आणि प्रशिक्षकांच्या मतांमुळे मेस्सी पुढे गेला आणि स्नायडर चौथा आला.

'बॅलन डी'ओरसाठी तुमचं मत नोंदवा' असा दुवा व्हॉट्सअॅपवर आला, तर त्या मताने पुरस्कार ठरत नाही, एवढं लक्षात ठेवावं. अशा ठिकाणी आपला मोबाइल क्रमांक किंवा इतर माहिती मुळीच देऊ नये.

गैरसमज 3 : या सगळ्यात भारताला कोणी विचारत नाही.

वस्तुस्थिती : अर्धी गोष्ट खरी आहे. 'द बेस्ट'मध्ये फिफाच्या 211 सदस्य संघटनांना मतदानात समान स्थान आहे. भारताच्या कर्णधाराचं मत आणि ब्राझीलच्या कर्णधाराचं मत एकाच वजनाचं.

बॅलन डी'ओरचं तसं नाही. 2022 पासून पुरुषांच्या पुरस्कारासाठी फिफा क्रमवारीतल्या पहिल्या 100 देशांचे पत्रकारच मत देतात, महिलांच्या पुरस्कारासाठी पहिल्या 50 देशांचे. भारताचा पुरुष संघ जुलै 2023 मध्ये 99 व्या क्रमांकावर होता. 2025 मध्ये तो 130 च्याही पलीकडे घसरला. इथे मत हवं असेल, तर मैदानावर जिंकत वर चढण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

गैरसमज 4 : सर्वाधिक गोल करणाराच जिंकतो.

वस्तुस्थिती : सर्वाधिक गोलांसाठी वेगळे सन्मान आहेत. युरोपच्या लीगमधल्या गोलांसाठी 'गोल्डन शू', विश्वचषकातल्या गोलांसाठी 'गोल्डन बूट'. बॅलन डी'ओरच्या निकषांत पहिला आहे वैयक्तिक कामगिरी आणि निर्णायक क्षणी उमटलेली छाप. दुसरा, संघाची कामगिरी आणि जिंकलेल्या स्पर्धा. तिसरा, खेळातला दर्जा आणि खिलाडूवृत्ती. किती गोल हवेत, असा आकडा त्यांत कुठेही नाही.

1963 मध्ये सोव्हिएत संघाचा लेव्ह याशिन जिंकला, तो गोलरक्षक होता. आजवर हा पुरस्कार मिळवणारा तो एकमेव गोलरक्षक. बचावफळीतून जर्मनीचा फ्रान्झ बेकेनबावर 1972 आणि 1976 मध्ये, मॅथियास झामर 1996 मध्ये आणि इटलीचा फाबिओ कान्नावारो 2006 मध्ये जिंकला. 2018 चा लुका मॉड्रिच आणि 2024 चा रॉड्री मधल्या फळीत राहून खेळाची लय सांभाळणारे.

आघाडीच्या खेळाडूंकडे कौल झुकतो, हे मात्र नाकारता येत नाही. ती उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी 2019 पासून सर्वोत्तम गोलरक्षकाला याशिनच्याच नावाचा स्वतंत्र पुरस्कार दिला जातो. एकवीस वर्षांखालच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी रेमों कोपा याच्या नावाचा पुरस्कार 2018 पासून आहे.

गैरसमज 5 : विश्वचषक जिंकला की हा पुरस्कार ठरलेलाच.

वस्तुस्थिती : 2010 चा विश्वचषक स्पेनने जिंकला आणि पुरस्कार मेस्सीला मिळाला. 2014 मध्ये जर्मनी जिंकली, पुरस्कार रोनाल्डोला. 2018 मध्ये फ्रान्स जिंकला, पुरस्कार उपविजेत्या क्रोएशियाच्या मॉड्रिचला.

इथे आणखी एक घोटाळा होतो. विश्वचषकातल्या सर्वोत्तम खेळाडूला 'गोल्डन बॉल' मिळतो. तो त्या एका स्पर्धेपुरता असतो आणि बॅलन डी'ओरपेक्षा वेगळा. 2014 चा गोल्डन बॉल मेस्सीकडे गेला होता. 2010 चा गोल्डन बॉल मिळाला उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला, ज्याला बॅलन डी'ओर कधीच मिळाला नाही. हाच फोर्लान 2016 मध्ये मुंबई सिटी एफसीकडून अंधेरीच्या मैदानावर खेळला आणि केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या 5-0 विजयात त्याने तीन गोल केले. विश्वचषकाचा गोल्डन बॉल मिळवलेला खेळाडू आपल्यापासून लोकलच्या अंतरावर प्रत्यक्ष पाहता आला होता.

गैरसमज 6 : पेले आणि मॅराडोनाला मिळाला नाही, म्हणजे ते मेस्सी-रोनाल्डोपेक्षा कमी.

वस्तुस्थिती : सर्वांत अन्यायकारक गैरसमज हाच. 1994 पर्यंत हा पुरस्कार फक्त युरोपीय देशांच्या खेळाडूंसाठी होता. पेले ब्राझीलचा, मॅराडोना अर्जेंटिनाचा. त्यांचा विचारच होऊ शकत नव्हता. जन्माने अर्जेंटिनाचा असलेला आल्फ्रेडो डी स्टेफानो 1957 आणि 1959 मध्ये जिंकला, कारण त्याने स्पेनचं नागरिकत्व घेतलं होतं. मोझांबिकमध्ये जन्मलेला युसेबिओ 1965 मध्ये जिंकला, तो पोर्तुगालचा खेळाडू म्हणून.

1995 मध्ये युरोपच्या क्लबांत खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला दार उघडलं आणि त्याच वर्षी लायबेरियाचा जॉर्ज वेआ जिंकला. पुढे तो आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. 2007 पासून जगातल्या कुठल्याही क्लबचा खेळाडू पात्र ठरतो.

2016 मध्ये 'फ्रान्स फुटबॉल'ने स्वतःच जुन्या वर्षांचा फेरविचार प्रसिद्ध केला. नियम पहिल्यापासून खुले असते, तर पेले सात वेळा आणि मॅराडोना दोन वेळा जिंकला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. मेस्सीचे आठ आणि रोनाल्डोचे पाच पुरस्कार त्यांच्या थोरवीची साक्ष आहेतच. पण ज्यांना स्पर्धेत प्रवेशच नव्हता, त्यांना त्या मापाने मोजणं चूक आहे.

गैरसमज 7 : हा वर्षभराच्या किंवा आयुष्यभराच्या कामगिरीचा सन्मान आहे.

वस्तुस्थिती : पूर्वी जानेवारी ते डिसेंबर असा काळ धरत आणि खेळाडूची एकंदर कारकीर्दही निकषांत होती. 2022 मध्ये दोन्ही बदललं. आता ऑगस्ट ते जुलै असा युरोपीय हंगाम धरला जातो आणि कारकिर्दीचा निकष काढून टाकला आहे. डिसेंबर 2022 मधल्या कतारच्या विश्वचषकाचं श्रेय मेस्सीला 2023 च्या पुरस्कारात मिळालं, त्याचं कारण हेच. पुरस्कार स्वीकारताना तो अमेरिकेतल्या इंटर मायामीचा खेळाडू होता, पण मोजला गेला तो त्याआधी संपलेला हंगाम.

2020 मध्ये कोरोनामुळे पुरस्कारच दिला नाही. बायर्न म्युनिककडून त्या हंगामात अप्रतिम खेळलेल्या लेवांडोव्स्कीची संधी हुकली, ही हळहळ रास्त आहे.

गैरसमज 8 : ट्रॉफी अस्सल सोन्याची आणि सोबत कोट्यवधींचं बक्षीस.

वस्तुस्थिती : मेलेरिओ या पॅरिसच्या जुन्या जवाहिऱ्यांच्या पेढीत ही ट्रॉफी घडवली जाते. ती पितळेची असते आणि वर सोन्याचा मुलामा असतो. पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते. खेळाडूला पैसा मिळतो तो क्लबच्या करारातून आणि जाहिरातींतून.

गैरसमज 9 : हा पुरस्कार पुरुषांपुरता आहे.

वस्तुस्थिती : 2018 पासून महिलांना स्वतंत्र बॅलन डी'ओर दिला जातो. पहिली मानकरी नॉर्वेची आडा हेगरबर्ग. स्पेनच्या आयताना बोनमातीने 2023, 2024 आणि 2025 असा सलग तीनदा तो जिंकला.

याचा धागा आपल्या परिसरापर्यंत येतो. 30 ऑक्टोबर 2022 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. स्पेनने कोलंबियाला 1-0 असं हरवलं आणि स्पर्धेचा गोल्डन बॉल स्पेनच्या विकी लोपेझला मिळाला. 2025 मध्ये पॅरिसच्या सोहळ्यात महिलांसाठीचा कोपा पुरस्कार प्रथमच दिला गेला, तो याच विकी लोपेझला. बदलापूरहून ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली की नेरूळ येतं. तिथून तीन वर्षांत एक मुलगी पॅरिसच्या मंचावर पोहोचली. मुलींच्या फुटबॉलला काय भवितव्य, असं विचारणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

गैरसमज 10 : आपल्या देशात असं काही नाही.

वस्तुस्थिती : अखिल भारतीय फुटबॉल महासंघ 1992 पासून वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडतो. सुनील छेत्रीने हा मान सात वेळा मिळवला. गोव्याचा ब्रुनो कुतिन्हो 1996 चा मानकरी. 2022-23 आणि 2023-24 असा लागोपाठ दोनदा तो मिळवणारा लालियानझुआला छांगटे हा मुंबई सिटीचा, म्हणजे आपल्या घरच्या संघाचा खेळाडू. महिलांमध्ये पंजाबच्या मनीषा कल्याणने तो सलग दोन हंगाम जिंकला. मेस्सीचे आठही पुरस्कार वर्षांसकट पाठ असणाऱ्या मुलांना ही नावंही माहीत असायला हवीत. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार मात्र वेगळा. फुटबॉलमध्ये तो सर्वप्रथम 1961 मध्ये पी. के. बॅनर्जी यांना मिळाला.

या सगळ्यातून घेण्यासारखी गोष्ट आपल्या स्थानिक स्पर्धांसाठीही आहे. बॅलन डी'ओरमध्ये त्रुटी आहेत, पण त्याचे निकष लेखी आहेत, मतदार कोण हे जाहीर आहे, आणि चुकलं तिथे नियम बदलण्याची तयारी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये फुटबॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि टर्फचालकांना म्हणूनच विनंती आहे. 'स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू' निवडण्याचे निकष पहिल्या सामन्याआधी फलकावर लावा. निवड कोण करणार, तेही लिहा. गोल मोजून मोकळे होऊ नका. गोलरक्षक आणि बचावपटूंसाठी स्वतंत्र बक्षीस ठेवा. मुलींचा गट असेल, तर तिथेही तेवढीच मोठी ट्रॉफी द्या. गोल वाचवणाऱ्या मुलाला आपल्या खेळाचीही दखल घेतली जाते हे कळलं, तरच तो पुढच्या वर्षी पुन्हा हातमोजे चढवेल.