एक पत्ता, अनेक नावे : सामायिक सर्व्हरवरील संकेतस्थळांची ओळख

संकेतस्थळ माणसाला नावाने ठाऊक असते, यंत्राला अंकाने. ब्राउझरमध्ये नाव लिहिले की डोमेन-नामव्यवस्थेकडून त्या नावाचा अंकपत्ता मिळतो आणि पुढील व्यवहार त्या पत्त्याशी होतो. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदविण्याच्या प्रश्नाचे मूळ या रूपांतरात आहे. नावाचा अंक झाला की नाव मागे पडते. आणि दहा नावांचा अंक एकच असेल, तर आलेली मागणी त्यांपैकी कोणासाठी आहे हे कळण्यास सर्व्हरपाशी साधन उरत नाही. पाकिटावर वाड्याचा घरक्रमांक असावा आणि बिऱ्हाडकरूचे नाव मात्र नसावे, तशी ही स्थिती होय.

१९९१ मधील एचटीटीपीच्या आद्य रूपात मागणी एका ओळीची असे : 'गेट' हा शब्द व त्यापुढे हव्या असलेल्या पानाचा मार्ग. संकेतस्थळाचे नाव तीत येतच नसे. संकेतस्थळे मोजकी होती तोवर ही उणीव कोणास जाणवली नाही. पुढे एका यंत्रावर अनेक संस्थांची पाने ठेवण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र अंकपत्ता देऊन ते सर्व पत्ते एकाच यंत्रास जोडण्याची रीत पडली. रीत निर्दोष, परंतु उधळी. ३२ द्विमान अंकांच्या पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढीच. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला.

खरा उपाय अगदी साधा होता. मागे पडलेले नाव मागणीबरोबर पुन्हा पाठवावयाचे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्याने 'होस्ट' ही ओळ प्रत्येक मागणीत अनिवार्य केली आणि ती नसल्यास सर्व्हरने ४०० या क्रमांकाचा दोषसंदेश द्यावा, असे ठरविले. काही ब्राउझर ती ओळ त्यापूर्वीच पाठवू लागले होते.

अपाचे या सर्व्हरचे उदाहरण घेतल्यास या योजनेचे कार्य स्पष्ट होते. मागणी कोणत्या अंकपत्त्यावर व कोणत्या पोर्टवर आली हे तो प्रथम पाहतो. तेथे लागू होणाऱ्या नोंदींतून 'होस्ट'मधील नावाशी जुळणारी नोंद निवडतो. आणि त्या नोंदीत सांगितलेल्या संचिकेतून पान काढून देतो. नाव कोठेच जुळले नाही, तर मागणी नाकारली जाईल अशी अपेक्षा असते. तसे घडत नाही. मांडणीत जी नोंद प्रथम लिहिलेली असेल तिचेच पान दिले जाते. ग्रंथालयाचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकावे आणि वाचकाला परीक्षा विभागाचे पान दिसावे, हा घोटाळा बहुधा येथूनच उद्भवतो. देवनागरी नावांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. '.भारत' ही डोमेनश्रेणी २०१४ मध्ये खुली झाली. तथापि अशी नावे तारेवरून रोमन अक्षरांच्या रूपांतरित स्वरूपातच जातात, व सर्व्हरच्या मांडणीतही तेच रूप लिहिणे इष्ट असते.

या व्यवस्थेने नावे वेगळी होतात, अधिकार वेगळे होत नाहीत, हे पुष्कळदा विसरले जाते. सर्व संकेतस्थळांच्या आज्ञावली यंत्रावरील एकाच वापरकर्त्याच्या नावे चालत असतील, तर एका संकेतस्थळात शिरलेला चोर शेजाऱ्याच्या संचिकाही वाचू शकतो. त्या भिंती कार्यप्रणालीत निराळ्या उभाराव्या लागतात.

मूळचा प्रश्न सांकेतिकीकरणाबरोबर पुन्हा उपस्थित झाला. सुरक्षित जोडणीत सर्व्हरने आपले प्रमाणपत्र प्रारंभीच दाखवावयाचे असते. 'होस्ट'ची ओळ मात्र जोडणी सुरक्षित झाल्यानंतर, तिच्या आत येते. कोणाचे प्रमाणपत्र दाखवावे हे ठरविण्यास नाव हवे, आणि नाव तर प्रमाणपत्रानंतर मिळणार! जून २००३ च्या मसुद्यात यावर तोड निघाली : ब्राउझरने पहिल्याच संदेशात नाव उघडपणे सांगावे. 'सर्व्हर नेम इंडिकेशन' या नावाने ही योजना ओळखली जाते. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ती कधीच अवगत झाली नाही. त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळांसाठी स्वतंत्र अंकपत्ता घेण्याची जुनी रीत अनेक वर्षे चालू राहिली.

सामायिक पत्त्याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्रातील बेन एडेलमन यांनी २००३ मध्ये केलेल्या पाहणीत ८७ टक्क्यांहून अधिक चालू डोमेन-नावे आपला अंकपत्ता इतरांबरोबर वाटून घेत असल्याचे आढळले. अशा स्थितीत अंकपत्ता रोखणे म्हणजे एका बिऱ्हाडासाठी सगळ्या वाड्यास कुलूप लावणे होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या २००२ च्या कायद्याने नेमके हेच घडले. ४०० हून कमी आक्षेपार्ह संकेतस्थळे बंद करण्याच्या खटपटीत अकरा लाखांहून अधिक निरपराध संकेतस्थळे रोखली गेल्याचे न्यायालयास आढळले, आणि सप्टेंबर २००४ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरला.

अंकाऐवजी नाव पाहून रोखावे, तर पहिल्या संदेशात उघड असलेले नाव त्यासाठी आयतेच उपलब्ध असते. पाळत ठेवणाऱ्यासही ते तितकेच उपलब्ध असते. २०१८ च्या टीएलएस १.३ ने प्रमाणपत्र झाकले, हे नाव झाकले नाही. तेही झाकण्यासाठी आखलेल्या योजनेत सर्व्हरची सार्वजनिक किल्ली डोमेन-नामव्यवस्थेतून आधी मिळविली जाते व पहिल्या संदेशातील खरे नाव तिने सांकेतिक केले जाते. मात्र पत्त्यावर एकच संकेतस्थळ असेल, तर अंकावरूनच नाव ओळखता येते. पत्त्यामागे नावांची दाटी जितकी अधिक, तितका या योजनेचा आडोसा भक्कम ठरतो.